नाताळचें कागदी पर्णचक्र

डिसेंबर महिना उजाडला कीं शाळेच्या सभागृहास निराळीच कळा येते. कोणी गोठ्यासाठीं गवत आणतो, कोणी बांबूच्या कामट्यांची चांदणी बांधतो, गाण्यांच्या तालमी सुरू होतात. या सर्व गडबडींत दारावर टांगावयाचें हिरवें पर्णचक्र मात्र अलीकडे पुष्कळ ठिकाणीं बाजारांतून येतें. तें प्लास्टिकचें असतें, त्याचीं पानें झळझळीत असतात, आणि त्याच्या किंमतीसाठीं मुलांकडून वर्गणी गोळा होते. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, शाळेच्या दारावरील पर्णचक्र विकत घेऊं नये. तें मुलांनीं आपल्या हातांनीं, जुन्या वह्यांच्या कागदाचें करावें. हें मत केवळ काटकसरीचें नाहीं, हें पुढील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. ‘पुष्पचक्र’ म्हटलें कीं आपल्याकडे समाधि किंवा स्मारक डोळ्यांपुढें येतें. आनंदाच्या सणास तें नांव शोभत नाहीं, म्हणून आम्ही ‘पर्णचक्र’ म्हणतों. युरोपांत हिवाळ्यांत बहुतेक झाडांचीं पानें गळून पडतात. त्या दिवसांतहि फर, हॉली यांसारखीं कांहीं झाडें हिरवीं राहतात. त्यांच्या डहाळ्या घरांत आणण्याची तेथें जुनी चाल आहे. कड्यास आरंभ नाहीं व शेवटहि नाहीं, म्हणून तें देवाच्या अनंत प्रेमाचें चिन्ह मानण्यांत आलें.

या पर्णचक्राचें एक भावंड म्हणजे आगमनकाळांतील दीपचक्र. त्याचा जन्म श्रीमंताच्या दिवाणखान्यांत झाला नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. योहान हिन्रिख विखेर्न या धर्मसेवकानें १८३३ सालीं जर्मनींतील हांबुर्ग येथें दरिद्री व निराश्रित मुलांसाठीं एक गृह काढिलें. नाताळ केव्हां येणार, असें मुलें त्यास वारंवार विचारीत. तेव्हां १८३९ सालीं त्यानें एक लाकडी चाक घेऊन त्यावर आगमनकाळांतील चार रविवारांसाठीं चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या व इतर दिवसांसाठीं लहान तांबड्या मेणबत्त्या बसविल्या. रोज एक मेणबत्ती अधिक लावावयाची, म्हणजे मुलांस दिवस मोजतां येत. हिरव्या डहाळ्या त्यावर मागाहून आल्या. ज्यांच्याजवळ कांहीं नव्हतें अशा मुलांसाठीं, हाताशीं असलेल्या वस्तूंतून ही शोभा निर्माण झाली.

आतां आपल्या वर्गणीकडे वळूं. वर्गणी अगदीं थोडी असते, असें आपण म्हणतों. परंतु ज्या घरीं मिळविणारा एक व शाळेंत जाणारीं मुलें तीन, त्या घरीं जाऊन हें बोलून पाहावें. आमच्या माहितीचा एक मुलगा वर्गणीच्या दिवशीं शाळेंतच आला नाहीं. दुसऱ्या दिवशीं विचारतां ‘पोट दुखत होतें’ असें खालीं मान घालून म्हणाला. त्याचा हात मोठा कसबी. चांदणीच्या कामट्या त्याच्याइतक्या नीट वर्गांत कोणासहि तासतां येत नसत. तथापि फळ्याशेजारीं लाविलेल्या यादींत त्याच्या नांवापुढील जागा नाताळची सुटी लागेपर्यंत रिकामी राहिली. ज्याच्याजवळ देण्यासारखें पुष्कळ होतें, त्याच्याजवळ आम्हीं नेमकें नव्हतें तेंच मागितलें. ती यादी आम्हींच लाविली होती, म्हणून हा लेख लिहिणें आम्हांस कर्तव्य वाटतें.

कागदी पर्णचक्राचा हिशेब याहून अगदीं निराळा आहे. जाड पुठ्ठ्यावर १५ सेंटिमीटर त्रिज्येचें वर्तुळ काढावें व त्याच मध्यबिंदूवरून १० सेंटिमीटर त्रिज्येचें दुसरें काढावें. मधला भाग कापून टाकिला कीं ५ सेंटिमीटर रुंदीचें कडें उरतें. भरलेल्या वह्यांचे कागद एका बाजूनें हिरवे रंगवून वाळवावे. ८ सेंटिमीटर लांब व ४ सेंटिमीटर रुंद असा तुकडा लांबींत दुमडून त्यावर अर्धें पान कातरावें. उलगडतांच पूर्ण पान होतें, आणि घडीची रेघ हीच त्याची मधली शीर. कड्याच्या मध्यावर परिघ सुमारें ७८ सेंटिमीटर भरतो. एका ओळींत ४० पानें लाविलीं तर दर दोन सेंटिमीटरांस एक पान येतें, आणि घराच्या कौलांप्रमाणें प्रत्येक पान शेजारच्या पानावर अर्धें चढतें. बाहेरची, आंतली व मधली अशा तीन ओळी झाल्या कीं चक्र भरलें. म्हणजे ४० मुलांच्या वर्गांत प्रत्येकाच्या वांट्यास तीनच पानें येतात. श्रीमंताच्या मुलास चौथें पान देतां येत नाहीं आणि गरिबाच्या मुलास तिसरें चुकवावें लागत नाहीं.

चिकटविण्यास मैद्याची खळ पुरे. कीड लागूं नये म्हणून खळींत मोरचूद घालण्याची बुकबांधणी करणाऱ्यांची रीत आहे; परंतु मोरचूद विषारी असल्यामुळें मुलांच्या हातीं देऊं नये. आणखी एक सूचना अशी कीं, कागदाच्या चक्रावर अथवा त्याच्याजवळ मेणबत्ती कदापि लावूं नये.

या कामांत शिक्षणहि थोडें नाहीं. मद्रास येथें १८९३ सालीं टी. सुंदरराव यांनीं कागदाच्या घड्यांनीं भूमिति शिकविणारें एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें, व त्याची कल्पना आपणांस बालोद्यानांतील कागदकामावरून सुचली असें नमूद केलें. त्रिज्या, परिघ व सममिति हे शब्द आपलीं मुलें पाठ म्हणतात. कातर हातीं घेतली कीं त्यांचा अर्थ बोटांस कळतो.

पान कोणत्या झाडाचें कातरावें? कांटेरी हॉलीचेंच हवें असें नाहीं. आमच्या मतें तें आंब्याचें असावें. मंगल प्रसंगीं दारास आंब्याचें तोरण बांधणें ही या भूमीची रीत आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनीं ख्रिस्ताची स्तुति अभंगांत व भजनांत गाइली, तेव्हां ती स्तुति उणी झाली नाहीं. आपल्या लोकांस ती अधिक जवळची वाटली. आपल्या शाळेंत नाना धर्मांचीं मुलें एका बाकावर बसतात. आंब्याचें पान त्यांपैकीं कोणासहि परकें नाहीं.

यावर एक आक्षेप येईल. प्लास्टिकचें चक्र दहा वर्षें टिकतें; कागदाचें पावसाळ्यांत बुरसतें, कसर त्यास खाते; मग स्वस्त कोणतें? पैशांपुरतें पाहिलें तर आक्षेपांत तथ्य आहे. परंतु प्लास्टिकचें टिकणें हेंच पुढें संकट होतें. महाराष्ट्र सरकारला २०१८ सालीं प्लास्टिक व थर्माकोल यांच्या कित्येक वस्तूंवर बंदी घालावी लागली, ती उगीच नव्हे. शिवाय जें चक्र दहा वर्षें टिकतें, तें दहा वर्षें कोणासच करावें लागत नाहीं. दसऱ्याचें तोरण सुकतें म्हणूनच पुढल्या दसऱ्यास घरांतलीं मुलें पुन्हां सुतळी व झेंडूचीं फुलें घेऊन बसतात. कागदाचें चक्र नाश पावतें, म्हणून पुढील वर्षाच्या मुलांसहि त्यांचीं तीन पानें कातरावयास मिळतात.

पालकांस आमची विनंती एवढीच कीं, येत्या नाताळास मुलाच्या हातीं पैसे न देतां एक भरलेली जुनी वही द्यावी. मुलांनीं आपलें पान वांकडें झालें म्हणून लाजूं नये. ओळींत बसलें कीं तें शोभतेंच. आणि शिक्षकबंधूंनीं, ज्यांत आम्हीहि आलों, यंदा फळ्याशेजारीं कोणाचीहि यादी लावूं नये.