ढोल कोणाचा, मान कोणाचा?

गणेशोत्सव जवळ आला की ढोल-ताशांच्या आवाजाची चर्चा सुरू होते आणि विसर्जनाबरोबर तीही विसर्जित होते. या चर्चेत ठराविक दोन पक्ष असतात. एक म्हणतो, हा संस्कृतीचा गजर आहे, त्याला कोणी हात लावू नये. दुसरा म्हणतो, हा कानांवरचा अत्याचार आहे, तो तत्काळ बंद व्हावा. वर्तमानपत्रांचे रकाने भरतात, न्यायालयांत अर्ज होतात. परंतु ज्याच्या हातात टिपरू असते, ज्याच्या खांद्याला पट्ट्याचे वळ उमटलेले असतात आणि मिरवणूक संपल्यावर ज्याला आपल्या हिशेबासाठी ताटकळत उभे राहावे लागते, तो वाजविणारा माणूस या दोन्ही पक्षांच्या विचारात कोठेही नसतो. श्रोत्यांनी कसे वागावे, याचे धडे देणारेही त्याला विसरतात. वाद्यमिरवणुकीतील शिष्टाचाराचा प्रश्न हा आवाजाचा नंतर, श्रमप्रतिष्ठेचा आधी आहे. आणि म्हणूनच तो समाजवाद्यांचा प्रश्न आहे.

वऱ्हाडात ढोलाच्या आधी डफडे होते. पोळ्याच्या तोरणाखाली बैल उभे राहिले की डफडे कडाडते, झडत्या सुरू होतात, मानाचा बैल पुढे निघतो. लग्नाची वरात, देवीची मिरवणूक, एखाद्या वृद्धाची अंत्ययात्रा, या साऱ्यांना बुलढाणा जिल्ह्यातील खेडी याच वाद्याची साथ देत आली. वाजविणारे बहुतांशी मातंग समाजाचे. काडीकचऱ्याचा जाळ करून चामडे शेकावयाचे, ते सैल पडले की मिरवणूक थांबवून पुन्हा शेकावयाचे, आणि उन्हातान्हात तासन् तास चालत वाजवावयाचे, हे कौशल्याचे काम होते. पण गावाने ते कधी कौशल्य मानले नाही. ते जन्माने लादलेले कर्तव्य मानले. मोबदला पसाभर धान्याचा, पंगत वेगळी, आणि देवळाशी संबंध पायरीपुरता. देव मिरवावयाचा एकाने आणि देवाच्या जवळ जावयाचे दुसऱ्याने, अशी ही श्रमविभागणी होती.

१९२७ च्या महाड सत्याग्रहानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेने महार समाजाने गावकीची अपमानास्पद कामे झुगारून दिली. वाद्य वाजविण्याचा त्याग हादेखील अनेक ठिकाणी त्या बंडाचा भाग होता. त्या त्यागाला नाके मुरडणारे कलाप्रेमी तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांना एवढेच सांगावयाचे की, सक्तीने वाजविलेल्या वाद्यात कला असू शकते, परंतु वाजविणाऱ्याचे स्वातंत्र्य नसते. आणि स्वातंत्र्यासाठी कलेवर पाणी सोडावे लागत असेल, तर दोष सोडणाऱ्याचा नसून सोडावयास लावणाऱ्या समाजाचा आहे. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली व अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस मनाई केली. कायद्याने वेठ संपली. जे आजही पोटासाठी वा आवडीने वाजवितात, ते स्वतंत्र कामगार आहेत, कलावंत आहेत. प्रश्न असा की, समाज त्यांना तसे वागवितो काय?

याच ठिकाणी पथकांचा विचार करावा लागतो. पुण्याच्या मिरवणुकीत एके काळी मुळशी-मावळकडच्या खेड्यांतील शेतकरी ढोल घेऊन येत असत. पुढे, १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थेने विद्यार्थ्यांना ढोल-बरचीच्या शिस्तबद्ध पथकांत उभे केले. आता शहरी, सुशिक्षित तरुण-तरुणींची पथके ही पुण्याची ओळख झाली आहे, आणि तिचे अनुकरण विदर्भातील शहरांपर्यंत पोहोचले आहे. या घटनेची चांगली बाजू नाकारणे हा करंटेपणा ठरेल. चामड्याचे वाद्य विटाळाचे मानणाऱ्या घरांतील मुले ते अभिमानाने कमरेला बांधतात. मुली भर रस्त्यात, हजारोंच्या समोर, ताशाच्या काड्या चालवितात. हा बदल लहान नाही.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. तेच वाद्य, तोच रस्ता, तोच देव. मग पांढरा सदरा आणि फेटा घालून वाजविणारा 'वादक' कसा होतो, आणि पिढ्यान् पिढ्या वाजविणारा मात्र 'वाजंत्री' किंवा 'डफडेवाला' कसा राहतो? पहिल्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते. दुसऱ्याला 'ए, वाजव रे' अशी हाक येते. पहिल्याला श्रीफळ व सन्मानचिन्ह. दुसऱ्याशी सुपारी ठरविताना शंभर-दोनशे रुपयांसाठी घासाघीस. जात गेली, असे जे म्हणतात, त्यांनी मिरवणुकीतील ही दोन संबोधने शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर, या कामगारावर दोन्ही बाजूंनी दडपण आले आहे. एका बाजूस ध्वनिवर्धकांच्या भिंती आहेत. एक जनित्र, एक वाहन आणि दोन-तीन माणसे वीस वाजंत्र्यांची जागा घेतात. भांडवलाने श्रमाला हुसकावून लावण्याचे याहून उघड उदाहरण शोधावयास नको. दुसऱ्या बाजूस हौशी पथके आहेत. तेथील वादक पोटासाठी वाजवीत नाहीत. गणवेशाचा खर्चही पुष्कळदा ते स्वतःच करतात. ज्याला वेतनाची गरज नाही, तो वेतनावर जगणाऱ्याच्या बाजारात उतरला, की श्रमाचे मोल घसरते. यात पथकातील मुलांचा दुष्ट हेतू नाही. बाजाराला हेतू लागतही नाही. उरलेल्या वाजंत्र्याच्या वाट्याला लग्नसराई, पोळा आणि नवरात्राचे मोजके दिवस येतात. बाकीचे वर्ष तो दुसऱ्याच्या शेतात सोयाबीन काढतो किंवा कापूस वेचतो.

आता स्पर्धांकडे वळू. स्पर्धेचे पारितोषिक बहुधा स्थानिक पुढाऱ्याच्या किंवा कंत्राटदाराच्या खिशातून येते आणि फलकावर वादकापेक्षा दात्याचे छायाचित्र मोठे असते. जेथे वादकांची संख्या आणि ढोलाचा दणका याच गोष्टी गर्दीला भुरळ घालतात, तेथे परीक्षकही त्याच प्रवाहात वाहतात. अमेरिकेत नगारे आणि बिगुल यांच्या युवक-पथकांची राष्ट्रीय स्पर्धा १९७२ पासून भरते. तेथील पद्धतही निर्दोष नाही. त्या पथकांत भाग घेण्यास तरुणांना मोठे शुल्क भरावे लागते व म्हणून गरिबांची मुले बाहेर राहतात. तथापि तेथे संगीत, संचलन आणि एकूण परिणाम यांचे स्वतंत्र गुण असतात, नुसत्या मोठ्या आवाजाला नव्हेत. आणि वादन चालू असता प्रेक्षकाने जागा सोडून हिंडू नये, हा संकेत पाळला जातो. ऐकणे हीदेखील एक सामूहिक जबाबदारी आहे, हे तेथे स्पर्धेने शिकविले. येथे स्पर्धेने काय शिकविले?

येथील प्रेक्षकाचे वर्तन पाहावे. मद्याच्या धुंदीत कोणी वादकाच्या डोक्यावरून नोटा ओवाळतो, त्या उधळतो आणि रस्त्यावरून वेचण्यासाठी त्याला वाकावयास लावतो. कोठे तर नोट जमिनीवर टाकून ती तोंडाने उचलावयास सांगितली जाते आणि भोवतीचे लोक टाळ्या पिटतात. याला कोणी दातृत्व म्हणते, कोणी हौस. वस्तुतः ठरलेली मजुरी हक्काने देण्याचे टाळून तीच भीक म्हणून फेकण्याची ही सरंजामी रीत आहे. ताशा वाजविणाऱ्या मुलीभोवती मोबाईल उंचावून गराडा घालणे, तिच्यावर शेरे मारणे, हाही त्याच वृत्तीचा नवा अवतार. वाजविणारा हा आपल्या करमणुकीसाठी विकत घेतलेला देह आहे, ही समजूत दोहोंच्या मुळाशी आहे.

या शिष्टाचाराचा आणखी एक पैलू धैर्याने सांगितला पाहिजे. ताशा हा शब्द फारसी वळणाचा आहे आणि हे वाद्य मोहरमच्या ताबुतांपुढे पिढ्यान् पिढ्या वाजत आले आहे. ज्या वाद्यात दोन्ही समाजांचा श्वास मिसळलेला आहे, तेच मशिदीसमोर थांबवून मुद्दाम त्वेषाने बडविणे, हा धर्मही नव्हे व कलाही नव्हे. सैलानीच्या यात्रेला सर्व धर्मांचे लोक जमवणाऱ्या जिल्ह्याला हे कोणी बाहेरून येऊन शिकवण्याची गरज पडू नये.

कायद्याचे म्हणावे तर तो आहे, पण त्याची नजरही एकांगी आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा टापू शांतताक्षेत्र म्हणून घोषित करता येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातील पथकांत ३० हून अधिक माणसे नसावीत, असे म्हटले. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मर्यादेला स्थगिती दिली. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा जाहीर केला. या साऱ्या घडामोडींत नागरिकाच्या कानांचा विचार झाला, उत्सवाच्या वैभवाचाही झाला. वाजविणाऱ्याच्या कानांचा विचार कोणी केला? कारखान्यातील कामगारासाठी ९० डेसिबलच्या आवाजात ८ तास, १०० डेसिबलमध्ये २ तास आणि ११५ डेसिबलमध्ये अवघा पाव तास अशी कमाल मर्यादा मानली जाते. ध्वनिवर्धकाच्या भिंतीपुढे किंवा शेकडो ढोलांच्या मध्ये अख्खी रात्र काढणाऱ्याला मात्र कोणतीच मर्यादा नाही, कारण तो कोणाच्याही हजेरीपटावर कामगार नाही.

हे असेच चालावयाचे, असा काही विधिलिखित नियम नाही. त्रिनिदाद बेटावर ब्रिटिश राजवटीने १८८० च्या दशकात गुलामांच्या वंशजांच्या ढोलांवर निर्बंध लादले. त्या कष्टकऱ्यांनी पुढे तेलाची टाकाऊ पिंपे ठोकून नवे वाद्य घडविले. दरिद्री वस्त्यांतील ते वाद्य गुंडांचे म्हणून हिणविले गेले. १९६३ पासून त्याची राष्ट्रीय स्पर्धा भरू लागली आणि १९९२ मध्ये ते राष्ट्रीय वाद्य म्हणून घोषित झाले. १८४५ पासून तेथे गेलेल्या भारतीय गिरमिटिया मजुरांनी नेलेला ताशाही त्या बेटावर आजतागायत वाजतो. तेथेही पुरस्कर्त्या कंपन्यांचे जाळे आहेच. परंतु एक गोष्ट तेथे घडली : वाद्याला प्रतिष्ठा मिळाली तेव्हा ते घडविणाऱ्या वस्त्यांना बाजूस सारले गेले नाही. वऱ्हाडात वाद्य वर चढले आणि वस्ती जेथल्या तेथे राहिली.

शिस्तीने ऐकण्याची परंपरा तर घरातच आहे. शेगावहून पंढरपूरला जाणारी पालखी परतते, तेव्हा खामगाव ते शेगाव या अखेरच्या टप्प्यात प्रचंड जनसमुदाय पायी चालतो. टाळ-मृदंग वाजत असतात, पण मृदंग वाजविणाऱ्यापुढे कोणी नोट नाचवीत नाही. त्याच्या वाटेत कोणी आडवा येत नाही. येथे देवस्थानाची भलामण करावयाची नाही. एवढेच दाखवावयाचे आहे की, जो समाज मृदंग्याचा मान राखू शकतो, तो डफडेवाल्याचाही राखू शकतो. आड येते ते अज्ञान नव्हे, जात आहे.

आणि आता स्वतःच्या घरात डोकावण्याची वेळ आहे. समाजवादी चळवळीला वाद्याचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने लेझीम आणि कलापथक यांतून माणसे घडविली. मातंग समाजात जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले आणि डफाला कामगारांच्या सभेत मानाची जागा दिली. पण आजच्या मोर्च्यांचे काय? तहसील कचेरीवर मोर्चा निघतो तेव्हा डफडेवाला सर्वांत पुढे असतो. सभा सुरू झाली की तो कोठे असतो? मागे, झाडाखाली, आपले पैसे कोण देणार या विवंचनेत. किमान वेतनाच्या घोषणा ज्याच्या तालावर दिल्या, त्याचे वेतन ठरले होते काय, हे विचारण्याचे किती कार्यकर्त्यांना सुचते? दुसऱ्याच्या मिरवणुकीला शिष्टाचार शिकविण्याआधी आपला मोर्चा तपासावा.

करावयाचे काम अवघड नाही. प्रत्येक तालुक्यात वाजंत्र्यांची यादी करावी व केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या असंघटित कामगारांच्या ई-श्रम नोंदणीत त्यांची नावे घालण्यास मदत करावी. वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी राज्य शासनाची योजना आहे. तिचे अर्ज डफडेवाल्यांच्या वस्तीत बसून भरावेत. कामाचे तास, विश्रांती, जेवण आणि बिदागी आधी कागदावर ठरावी, ही अट ज्या ज्या मंडळात पक्षाचा कार्यकर्ता आहे तेथे त्याने मंजूर करून घ्यावी. स्पर्धेत संख्येला व दणक्याला गुण नसावेत. परीक्षकांच्या बाकावर एक तरी जुना डफडे वाजविणारा असावा आणि पथकांनी त्याला गुरू म्हणून बोलवावे. नोटा उधळण्यास बंदी असावी; द्यावयाचेच असेल ते पाकिटात, दोन्ही हातांनी, नाव घेऊन द्यावे. रुग्णालयापाशी व प्रार्थनास्थळापाशी वाद्य थांबावे. पंगत एकच असावी.

यातील एकाही गोष्टीला क्रांतीची वाट पाहावी लागत नाही. येत्या पोळ्याला तोरणाखाली डफडे वाजेल. त्या वेळी मानाच्या बैलाला ओवाळून झाल्यावर वाजविणाऱ्याला 'दादा' किंवा 'काका' म्हणून हाक मारून, त्याचा हिशेब चुकता करून, पुरणपोळीच्या पंगतीत शेजारी बसविणारा कार्यकर्ता ज्या गावात निघेल, त्या गावात समाजवादाची शाखा आहे असे समजावे. बाकी ठिकाणी केवळ फलक आहे.