विसरण्यामागचे कारण शोधायला हवे

श्रीगोंदा तालुक्यातील काष्टीचा जनावरांचा बाजार पंचक्रोशीबाहेरही प्रसिद्ध आहे. अशा बाजारांत उभी हयात घालवलेला, बैलाचे दात पाहून त्याचे वय सांगणारा एखादा शेतकरी सत्तरीत पाचशेच्या चार नोटा मोजताना अडखळू लागतो. पुढे तो ओळखीच्या वाटेवर चुकतो, पैसे चोरल्याचा आळ सुनेवर घेतो, कधीच विकलेल्या बैलाला वैरण टाकायला मध्यरात्री उठतो. घरचे म्हणतात, साठी बुद्धी नाठी. हाच माणूस पुण्यात मुलाकडे राहत असता, तर त्याला ‘अल्झायमर’ झाला असे कोणीतरी सांगून टाकले असते. गावात ‘वय झालं’ म्हणून आणि शहरात ‘अल्झायमर’ म्हणून विषय संपतो. हे कशामुळे झाले, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे विचारायचा राहून जातो.

डिमेन्शिया आणि अल्झायमर हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. त्यांच्यातला फरक ताप आणि मलेरिया यांच्यासारखा आहे. ताप अनेक कारणांनी येतो, मलेरिया हे त्यातले एक कारण. रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः करता येऊ नयेत इतकी बुद्धीची कामे ढासळली, तर त्या अवस्थेला डिमेन्शिया म्हणतात. मराठीतला ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द थोडा फसवा आहे, कारण बिघाड केवळ स्मरणात नसतो. शब्द सुचत नाहीत, हिशेब जमत नाही, दिशा कळत नाही, स्वभाव बदलतो. अल्झायमर हे त्यामागचे सर्वांत मोठे कारण असून साधारण ६० ते ७० टक्के रुग्णांत ते आढळते. अॅलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ मध्ये एका स्त्रीच्या मेंदूत या आजाराच्या खुणा प्रथम दाखवल्या. त्यांचे नाव आजाराला चार वर्षांनी मिळाले.

उरलेल्या कारणांकडे आपल्याकडे विशेष लक्ष द्यायला हवे. रक्तदाब आणि मधुमेहाकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले, की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडत जातात. अशा रुग्णाची घसरण अनेकदा पायरीपायरीने होते. महिनोन्महिने तो तसाच असतो आणि एके दिवशी अचानक खालावतो. लुई बॉडी प्रकारात नसलेली माणसे दिसतात, अंग ताठरते. त्याला ‘शांत करण्यासाठी’ दिलेले हॅलोपेरिडॉलसारखे औषध जिवावर बेतू शकते. आणखी एका प्रकारात पन्नाशीतच आधी वागणे बिघडते, विस्मरण नंतर येते. अशा माणसाला दारुड्या किंवा बाहेरचं लागलेला समजून देवऋषीकडे नेले जाते आणि त्यात दोन-तीन वर्षे सहज निघून जातात.

यापेक्षा हळहळ वाटावी अशी कारणे म्हणजे उपचारांनी सुधारणारी. थायरॉइड मंदावला तर बुद्धी मंदावते. बी-१२ कमी झाले तरी तेच होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरात बी-१२ची कमतरता किती सर्रास आहे हे दाखवून दिले आहे. शाकाहारी, माळकरी घरात ही शक्यता अधिक, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन चालू असेल तर आणखी. मोटारसायकलवरून पडल्यावर किंवा चौकट डोक्याला लागल्यावर कवटीखाली हळूहळू रक्त साठते. मार विसरला जातो आणि काही आठवड्यांनी म्हातारा ‘भ्रमल्यासारखा’ वागू लागतो. साधा सीटी स्कॅन ते दाखवतो आणि शस्त्रक्रियेने माणूस पूर्ववत होऊ शकतो. जोडीदार गेल्यानंतरचे नैराश्य, झोपेच्या गोळ्या, दारू यांनीही असाच देखावा उभा राहतो. काल-परवापर्यंत ठीक असलेला माणूस दोन दिवसांत बरळू लागला, तर तो बहुधा डिमेन्शिया नसतो. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया किंवा रक्तातले कमी झालेले सोडियम हे त्यामागे असू शकते. अशा रुग्णाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

अर्थात बहुतेक रुग्णांत असे बरे होणारे कारण सापडत नाही, हेही खरे. पण ते सापडत नाही हे तपासल्याशिवाय कळणार कसे?

तपासणीतही एक मेख आहे. स्मरणशक्तीच्या प्रचलित चाचण्या शाळा शिकलेल्या माणसाला धरून बनवलेल्या आहेत. वाक्य लिहा, शंभरातून सात वजा करत जा, घड्याळाचे चित्र काढा. जिने आयुष्यात पेन्सिल धरली नाही, त्या आजीला यात कमी गुण मिळतात म्हणून तिला डिमेन्शिया ठरवता येत नाही. उलट हुशार, शिकलेला माणूस आजार सुरू होऊनही यातून सुटतो. ग्रामीण भागात घरच्यांना विचारलेले प्रश्न अधिक उपयोगी ठरतात. नेहमीची भाजी त्या आता कशी करतात? मीठ दोनदा पडते का? मळ्यातून एकट्या परत येतात का? बाजारातून उरलेले पैसे बरोबर आणतात का? वर्षभरापूर्वी हे जमत होते का? ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, डिमेन्शिया आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे.

औषधांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन आणि आजार वाढल्यावर मेमँटिन या गोळ्या अल्झायमरमध्ये काही जणांना काही काळ थोडा आधार देतात. त्या आजार थांबवत नाहीत. डोनेपेझिलने नाडी मंद होऊ शकते, जुलाब लागू शकतात. म्हणून सुरू करताना ईसीजी काढावा आणि काही महिन्यांनी उपयोग दिसतो का हे पाहून पुढे चालू ठेवायची की नाही ते ठरवावे. ‘मेंदूचे टॉनिक’ म्हणून महिनोन्महिने लिहिल्या जाणाऱ्या महागड्या गोळ्यांना भक्कम पुरावा नाही. ते पैसे श्रवणयंत्रावर खर्च झालेले बरे.

अमेरिकेत २०२३ मध्ये लेकॅनेमॅब आणि २०२४ मध्ये डोनॅनेमॅब या औषधांना पूर्ण मान्यता मिळाली. ती मेंदूत साठलेले अमायलॉइड प्रथिन काढून टाकतात. लेकॅनेमॅबच्या १८ महिन्यांच्या चाचणीत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. ऐकायला आकडा मोठा आहे. १८ गुणांच्या मोजपट्टीवर मात्र तो फरक अर्ध्या गुणाहूनही कमी होता. ही औषधे फक्त अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यात चालतात, शिरेतून द्यावी लागतात, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होतो का हे पाहायला वारंवार एमआरआय करावा लागतो. संशोधन म्हणून त्यांचे महत्त्व मोठे आहे. श्रीगोंद्याच्या रुग्णाने त्यासाठी शेत विकू नये.

आजार कळल्यावर घर कसे वागते यावर रुग्णाचे दिवस कसे जातील ते बरेचसे ठरते. ‘मला ओळखलंत का? सांगा मी कोण?’ अशी परीक्षा पाहुणे हटकून घेतात. ती बंद करावी आणि आपणच आपले नाव सांगावे. ‘बैल कधीच विकला’ असा वाद घालण्यापेक्षा ‘वैरण टाकली आहे, चला झोपू’ म्हटलेले चालते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात संस्कृतचे विद्वान प्राध्यापक हत्तीच्या मागे चालत जातात आणि हरवतात. माहुताची बायको त्यांना काहीही न पटवता लेकरासारखे सांभाळते. अमृता सुभाष यांनी केलेली ती भूमिका काळजी घेणाऱ्यांनी पाहावी. खिशात नाव आणि मोबाइल क्रमांकाची चिठ्ठी असावी. रुग्ण एकाएकी चिडू लागला तर आधी बद्धकोष्ठ, दातदुखी, तुंबलेली लघवी पाहावी. शेतीची कागदपत्रे, मृत्युपत्र हे सारे समज शाबूत असतानाच उरकावे, नाहीतर पुढे भाऊबंदकीत भर पडते. आणि चोवीस तास राबणाऱ्या सुनेला किंवा बायकोला आठवड्यातून एक दिवस दुसऱ्या कोणीतरी सुटी द्यावी. सल्ल्यासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत.

‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४च्या अहवालानुसार डिमेन्शियाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण ज्यांच्याशी जोडता येतात, अशी बदलता येणारी १४ कारणे आहेत. कमी शिक्षण, रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचा धूर, बहिरेपण, अधू दृष्टी, एकटेपण ही त्यांतली काही. २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन येतो, फलक लागतात, व्याख्याने होतात. त्यापेक्षा आरोग्य विभागाने काष्टीसारख्या गावांत बाजाराच्या दिवशी ज्येष्ठांसाठी एक टेबल मांडावे. त्या दिवशी आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरचे म्हातारे तसेही गावात येतात. रक्तदाबाचे यंत्र, साखरेच्या पट्ट्या, कानातला मळ पाहायला ऑटोस्कोप, घरच्यांना विचारायचे पाच-सहा प्रश्न आणि ज्याच्याबद्दल शंका वाटेल त्याला थायरॉइड, बी-१२ व सीटीसाठी पुढे पाठवणारी चिठ्ठी, एवढे सुरुवातीला पुरे.