त्वचेची अति काळजी नको

"डॉक्टर, घरगुतीच लावलंय, त्याने काय अपाय होणार?" हा प्रश्न पेशंटकडून मला नेहमी ऐकायला मिळतो. माझे मत स्पष्ट आहे. त्वचेच्या पुष्कळशा तक्रारी आपण अति काळजीने ओढवून घेतो.

चेहऱ्याच्या त्वचेचा सर्वांत वरचा थर वहीच्या कागदापेक्षाही पातळ असतो. मृत पेशी आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ यांचा तो बनलेला असतो. शरीरातले पाणी आत राखणे आणि जंतू, रसायने बाहेर ठेवणे हे त्याचे काम. रोजचा स्क्रब, खरखरीत घासणी, कढत पाणी आणि दिवसातून चार वेळा फेसवॉश यांनी हा थर झिजतो. मग आग होते, खाज सुटते, चट्टे पडतात. आणि ते घालवायला आपण आणखी काहीतरी चोळतो.

आता लिंबू घ्या. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू साधारण 5. लिंबाच्या रसाचा सामू 2 च्या आसपास, म्हणजे आम्लता सुमारे हजारपट. खाण्याचा सोडा दुसऱ्या टोकाला, 8 च्या वर. शिवाय लिंबात, विशेषतः सालीत, फ्युरोकुमरीन नावाची रसायने असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागले, तर एक-दोन दिवसांत भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि मागे राहिलेले काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत. देवळ्यासारख्या भागात, जिथे अनेकांचा दिवस कांद्याच्या नाहीतर डाळिंबाच्या शेतात जातो, तिथे सकाळी चेहऱ्याला लिंबू चोळून बाहेर पडणे म्हणजे डाग घालवायला जाऊन नवे डाग आणणे.

बिब्ब्याचा उपाय याहून जुना. टाचेच्या भेगा, गुडघेदुखी यांवर अजूनही काही घरांत बिब्बा लावतात. धोबी कपड्यांवर खुणा करायला बिब्ब्याचे तेल वापरत, कारण ते धुतल्याने जात नाही. तेच तेल त्वचेवर उतले की फोड, सूज, पाणी वाहणे सुरू होते. आयुर्वेदातही बिब्बा शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत, हे लक्षात ठेवा.

सर्वांत जास्त भीती मला गोरे करणाऱ्या क्रीमची वाटते. 2023 च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका कुटुंबाची बातमी आली होती. महाविद्यालयात शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा तिघी वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडला. पारा त्वचेतले रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो; पण तो त्वचेतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातो. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनात पारा घालायला कायद्याने बंदी आहे. तरीही लेबल नसलेल्या डब्या विकल्या जातातच.

दुसरा धोका स्टेरॉइडचा. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या क्रीमने आठवडाभरात चेहरा उजळतो, गजकर्णाची खाजही थांबते. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे येतात, गजकर्ण पसरते. क्रीम बंद केले की चेहऱ्याची आग होते, म्हणून माणूस ते पुन्हा लावतो. 2018 मध्ये सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. आपणही ती चिठ्ठीशिवाय मागू नयेत.

मग करायचे काय? सौम्य साबण, कोमट पाणी, अंग किंचित ओले असतानाच मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली, आणि उन्हात ओढणी, टोपी नाहीतर सनस्क्रीन. एवढे बहुतेकांना पुरते. नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून दोन-तीन दिवस पाहा. स्टेरॉइडचे क्रीम बरेच दिवस लावत असाल, तर ते मनाने थांबवू नका, डॉक्टरांना दाखवा. गोरे करणारे क्रीम लावत असताना पायांवर सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर ते लगेच बंद करून तपासणीला या. येताना ट्यूब किंवा डबी सोबत आणा.

आणि एक गोष्ट घरातल्या मुलींना जरूर सांगा. सावळा रंग हा आजार नाही, त्यामुळे त्यावर उपचारही नको.