टाइमशेअर संपतो तेव्हा सभासदाच्या हातात काय उरतं?

मालवणात जमीन घेतली की सातबाऱ्यावर नाव चढतं. टाइमशेअर घेतला की मिळतं एक कार्ड आणि बारीक अक्षरांतला करार. विकताना मात्र 'मालकी' हा शब्द दोन्हीकडे सर्रास वापरला जातो.

भारतातल्या बहुतेक टाइमशेअर योजनांत मालकी मिळत नाही. मिळतो तो ठरावीक वर्षं, दरवर्षी काही दिवस राहण्याचा हक्क. क्लब महिंद्राचं मूळ सभासदत्व २५ वर्षांचं. स्टर्लिंगने सुरुवातीला चक्क ९९ वर्षांचं विकलं होतं. मुदत संपली की हक्क संपतो. रिसॉर्टच्या जमिनीचा भाव दहापट झाला तरी त्यात सभासदाचा वाटा शून्य. तोवर वार्षिक देखभाल शुल्क भरायचं, सुट्टीला जा किंवा जाऊ नका.

त्यात हंगामाचीही भानगड असते. तारकर्ली-देवबागला गर्दी डिसेंबरात आणि मे महिन्यात. स्वस्तातल्या सभासदाच्या वाट्याला बऱ्याचदा पावसाळा येतो, जेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्याही बंद असतात.

मध्येच बाहेर पडायचं तर? परत काय मिळणार हे करारावर ठरतं, आणि कपात मोठी असते. शुल्क थकवलं की बुकिंग बंद होतं, थकबाकी मात्र वाढत राहते. जुनं सभासदत्व घेणारा गिऱ्हाईक मिळणं कठीण. 'तुमचं सभासदत्व विकून देतो, आधी फी भरा' असा फोन आला तर तो सरळ ठेवून द्यावा.

सगळ्यात वाईट शेवट महाराष्ट्राने पाहिला तो पॅनकार्ड क्लब्जचा. मुंबईच्या या कंपनीने हॉटेलातल्या रात्री विकल्या. राहायचं नसेल तर मुदतीनंतर वाढीव रक्कम घ्या, अशी सोय होती. लोकांनी पैसे भरले ते मुख्यतः या रकमेसाठी. सेबीने याला नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना ठरवलं आणि २९ फेब्रुवारी २०१६ रोजी पैसे परत करण्याचा आदेश दिला. आकडा होता ७,०३५ कोटी रुपये, गुंतवणूकदार ५१ लाखांहून जास्त. म्हणजे सरासरी साडेतेरा हजारांच्या आसपास. ही श्रीमंतांची सुट्टी नव्हती, साध्या घरांतली बचत होती. मे २०१७ मध्ये कंपनीचं अपीलही फेटाळलं गेलं. पुढे २०२२ साली प्रकरण दिवाळखोरी प्रक्रियेत गेलं आणि 'सभासद' म्हणवणाऱ्यांना इतर देणेकऱ्यांसारखा दावा दाखल करून रांगेत उभं राहावं लागलं.

युरोपीय संघात टाइमशेअर घेतल्यावर १४ दिवसांत कारण न देता माघार घेता येते आणि तोवर कंपनीला पैसे घ्यायला मनाई आहे. भारतात टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. माघारीची मुदत असलीच तर ती करारात शोधावी लागते, आणि सही बहुधा त्याच संध्याकाळी, फुकट जेवणानंतर घेतलेली असते.

उरतो ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते. मालवणच्या सभासदाला त्यासाठी कंपनीच्या शहरात जायची गरज नाही, आपल्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येतं. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. आधी मार्ग विचारायचा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.