आधी ठेका सुटतो

दिवाळीच्या फराळाचा हिशेब चुकता करण्यासाठी पाडव्यापासून व्यायाम सुरू करणारी मंडळी घरोघरी असतात. त्यांचा संकल्प बहुधा आकड्यांत असतो. शंभर बैठका, नाही तर एकशे आठ सूर्यनमस्कार! तालमीतला चांगला वस्ताद मात्र आकड्याइतकेच पठ्ठ्याचे गुडघे आणि कंबर न्याहाळतो, आणि ते योग्यच आहे. कारण माणूस दमतो तेव्हा जोर संपण्याच्या आधीच हालचालीचा ठेका सुटू लागतो.

एकेका मोठ्या स्नायूत हजारो तंतू असतात. मेंदू प्रथम त्यांतले थोडेच कामाला लावतो. ते थकले, की आणखी तंतू आणि शेजारचे स्नायूही मदतीला बोलावतो. लग्नघरात आचारी दमला म्हणजे येईल त्याच्या हाती लाटणे द्यावे, तशी ही गत! पोळ्या होतात, पण गोल होत नाहीत. शिवाय हातपाय या क्षणी नेमके कोठे आहेत, ही खबर स्नायूंकडून मेंदूकडे सतत जात असते. दमल्यावर तीही बिघडते. साठावी बैठक पहिलीसारखीच झाली असे आपल्याला वाटते, आणि गुडघा मात्र आत वळलेला असतो.

त्यातून मेंदूचा हुकूमही ढिला पडतो. इटलीतल्या तूरिन येथील शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी बोटाने पुन्हा पुन्हा वजन उचलायला लावून दमणूक मोजणारे यंत्र तयार केले आणि १८९१ साली थकव्यावर ग्रंथ लिहिला. विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेऊन आलेल्या सहकाऱ्याच्या बोटाची ताकद घटलेली त्यांना आढळली. आम्हां प्राध्यापकांना हा पुरावा फार मोलाचा वाटतो!

आमच्या सोनपेठला लागूनच बीड जिल्हा आहे. तिथल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत धावतो. २०२४ साली पॅरिसला त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. या शर्यतीत ३५ अडथळे असतात, आणि ९१.४ सेंटिमीटर उंचीचा तो आडवा ओंडका पाय लागला तरी पडत नाही. पडतो तो धावणारा! दमलेल्या पायानेही शेवटची उडी पहिलीसारखी नीट मारणे, हीच तिथली खरी विद्या.

आपल्याला इतके नको. ठेका सुटला, की मोजणी थांबवावी, श्वास बसू द्यावा, उरलेले उद्या.

पण दिवाळीच्या सुमारास याच भागातून ऊसतोडणीच्या टोळ्या बाहेर पडतात. नवराबायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. दिवसभर वाकून बुडख्यावर घाव घालायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. मजुरी टनावर, आणि मुकादमाची उचल आधीच घेतलेली. हात दमला, कोयत्याचा नेम चुकू लागला, तरी थांबणे म्हणजे मजुरी बुडवणे. थकल्या हाताला विसावा हवा हे शास्त्र आपल्या बैठकांना लागू, तसेच त्या कोयत्यालाही लागू आहे. करंजीतल्या साखरेचा हिशेब मांडताना तेवढे ध्यानात असावे.