कपाटाचे कुलूप उघडावे

परमपूज्य बाबासाहेबांनी दादरला ‘राजगृह’ बांधले, ते आपल्या ग्रंथांना जागा मिळावी म्हणून. त्यांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या वस्त्यांत व शाळांत मात्र पुस्तके पुष्कळदा कुलूपबंद कपाटातच राहतात. ‘निधी नाही’ हे त्याचे ठरलेले कारण. पिंपरी-चिंचवड ते चाकण या उद्योगपट्ट्यात ते पटणारे नाही.

2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. स्थानिक परिसराला प्राधान्य द्यावे, असेही हे कलम सांगते. याच कायद्याच्या सातव्या परिशिष्टात शिक्षणाबरोबर सार्वजनिक ग्रंथालयांच्या उभारणीचा स्पष्ट उल्लेख आहे. आपले पालक व माजी विद्यार्थी ज्या कारखान्यांत पाळ्या करतात, तेथील नफ्यातला हा वाटा मागणे ही याचना नव्हे.

मागणी मात्र नेमकी हवी. पुस्तके एकदा मिळतील. पण ती हाती देणारा, रोज सायंकाळी दार उघडणारा ग्रंथपाल नसेल तर पुन्हा कुलूपच लागेल. म्हणून प्रस्तावात त्याच्या तीन वर्षांच्या वेतनाची तरतूद आधी मांडावी. संस्थेची सीएसआर-1 नोंदणी व लेखापरीक्षित हिशेब सिद्ध ठेवण्याचे काम जाणत्या माजी विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे.

याने शासनाची जबाबदारी संपत नाही. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये कायद्याखालील अनुदानासाठीही आपला आवाज उठत राहिला पाहिजे. ‘शिका’ हा आदेश पाळायचा, तर कपाटाची किल्ली मुलांच्या हाती पोहोचली पाहिजे.