देणगी मागण्याआधी नकार ठरवा

शिक्षणसंस्थेसाठी पैसा उभा करायचा तर अध्यक्षपदी मोठ्या ओळखींचा माणूस हवा, असे आपल्याकडची बहुतेक विश्वस्त मंडळे धरून चालतात. ओळखीने दार उघडते, हे खरे. पण देणगीदार वर्षानुवर्षे संस्थेशी बांधलेला राहतो तो ओळखीमुळे नव्हे. महाराष्ट्रात ज्यांनी शिक्षणसंस्था शून्यातून उभ्या केल्या, त्यांनी आपण देणगीदाराला काय देऊ शकतो आणि काय कोणत्याही रकमेच्या बदल्यात देणार नाही, याचा निर्णय आधीच केलेला होता. ही सीमा आखणे हे संस्थेच्या नेतृत्वाचे पहिले काम आहे, आणि आज नेमके तेच मागे पडले आहे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी 1916 साली महिला विद्यापीठ सुरू केले. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यासाठी 15 लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देण्यात आले. कर्व्यांनी नाव दिले, मात्र मातृभाषेतून उच्च शिक्षण हे विद्यापीठाचे मूळ तत्त्व सोडले नाही. सरकारची वैधानिक मान्यता मिळायला 1951 साल उजाडले, तरी संस्था आपल्या वाटेने चालत राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेची सीमा वेगळ्या ठिकाणी होती. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजचे नाव बदलण्याच्या अटीवर देऊ केलेली मोठी रक्कम त्यांनी नाकारली, ही आठवण रयत परिवारात आजही सांगितली जाते. सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहायचे आणि एका पंगतीत जेवायचे, या नियमालाही त्यांनी कधी मुरड घातली नाही. एकाने नाव दिले, दुसऱ्याने दिले नाही. तरीही दोघांचे निर्णय योग्य ठरले, कारण आपल्या संस्थेचा प्राण कशात आहे हे दोघांनाही पक्के ठाऊक होते.

असा नकार देण्याचे बळ दोन गोष्टींतून येते. पहिली म्हणजे अनेकांचा आधार. रयतच्या मागे मुष्टिफंडात मूठमूठ धान्य घालणारी घरे होती. त्यामुळे स्वातंत्र्यानंतर सरकारशी मतभेद होऊन अनुदान थांबले, तेव्हाही संस्था कोलमडली नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मागणाऱ्याची स्वतःची झीज. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी 20 वर्षे तुटपुंज्या वेतनावर शिकवण्याचे व्रत घेतले होते. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसन कॉलेजसाठी निधी गोळा करत फिरत, तेव्हा या व्रताची साक्ष त्यांच्यासोबत असे. याउलट प्रवेशाच्या बदल्यात पैसे घेण्याची प्रथा इतकी बोकाळली की राज्याला 1987 मध्ये तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. त्या प्रथेने प्रामाणिक संस्थांचीही पत खालावली. आज एखादा मुख्याध्यापक स्वच्छ मनाने मदत मागायला गेला, तरी समोरच्याच्या मनात आधी संशय येतो.

आता परिस्थिती बदलली आहे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. प्रयोगशाळा आणि वसतिगृहे मूठभर धान्यातून उभी राहत नाहीत, त्यासाठी मोठा देणगीदारच लागतो, हे मान्य आहे. पण मोठी देणगीही नात्यातूनच येते. नंदन निलेकणी यांनी 2023 मध्ये आयआयटी मुंबईला 315 कोटी रुपये दिले. ते 1973 मध्ये तिथे विद्यार्थी म्हणून दाखल झाले होते आणि त्याआधीही त्यांनी संस्थेला 85 कोटी रुपये दिलेले होते. पन्नास वर्षांचा हा संबंध एका भेटीत जमलेला नाही. दुसरा आक्षेप असा की प्राचार्यांनी शिकवण्याकडे लक्ष द्यावे, निधीचे काम त्यासाठी नेमलेल्या माणसांनी करावे. पावत्या, पत्रे, अहवाल ही कामे कर्मचारी करू शकतात. पण या पैशातून आम्ही काय करू आणि काय करणार नाही, हा शब्द संस्थाप्रमुखानेच द्यावा लागतो, कारण तो पाळण्याचा अधिकारही त्याच्याकडेच असतो. अटी नाकारल्या तर देणगीदार दुरावतील, ही तिसरी भीती. काही दुरावतीलही. परंतु प्रवेश, नेमणुका आणि अभ्यासक्रम यांत हात घालू पाहणाऱ्याचे पैसे पुढे संस्थेला फार महागात पडतात.

2014 पासून ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक झाले, तेव्हापासून ही शिस्त अधिकच गरजेची झाली आहे. कंपनीचा ओढा वर्षाच्या आत पूर्ण होणाऱ्या, डोळ्यांना दिसणाऱ्या कामाकडे असतो. संगणक येतात, फलक लागतो, छायाचित्र निघते. दुरुस्तीचा, वीजबिलाचा आणि शिकवणाऱ्या माणसाचा खर्च मात्र कुणाच्याच यादीत नसतो. इथे प्रमुखाने स्पष्ट बोलले पाहिजे. संगणकासोबत पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद नसेल तर देणगी घेणार नाही, असे सांगणारा मुख्याध्यापक उद्धट ठरत नाही. तो देणगीदाराचाच पैसा वाया जाण्यापासून वाचवतो. लोकवर्गणीने शाळेला काय मिळाले, यावर बोट ठेवून सरकारने आपली जबाबदारी कमी करू नये, हेही त्याच ठामपणे सांगायला हवे.

म्हणून प्रत्येक शिक्षणसंस्थेने देणगीचे धोरण लेखी करावे आणि ते सर्वांना वाचता येईल असे लावावे. नाव कशाला देता येईल, कोणत्या अटी चालणार नाहीत, रक्कम कशी खर्च होईल, हे त्यात असावे. शंभर रुपये देणाऱ्यालाही एक कोटी देणाऱ्याइतकाच स्वच्छ हिशेब दरवर्षी मिळावा. अध्यक्ष किंवा प्राचार्य बदलले तरी देणगीदाराला दिलेला शब्द पुढच्या प्रमुखावर बंधनकारक राहावा. विश्वस्तांनी पुढच्या देणगीदाराकडे जाण्याआधी पुढच्याच बैठकीत हा ठराव मांडावा. आणि देणाऱ्यांनीही रक्कम हातावर ठेवण्यापूर्वी संस्थेला विचारावे, ‘तुम्ही कशाला नकार देता?’ ज्या संस्थेकडे याचे उत्तर तयार आहे, तिला निःशंक मनाने द्यावे.